हाताची घडी आणि फिरती अंगठी

पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालवाचन सुरू झालं की मी व्यासपीठाकडे बघायचं सोडतो आणि सभासदांच्या हातांकडे बघतो. व्यासपीठावर दरवर्षी तेच असतं. ठेवी वाढलेल्या असतात, वसुली समाधानकारक असते, ऑडिट वर्ग 'अ' असतो. हात मात्र मन लावून काहीतरी करत असतात. पहिल्या रांगेतले माजी संचालक मिशीचं डावं टोक पिळतात. उजवं फोटोसाठी राखून ठेवलेलं असावं. त्यांच्या मागचे आबा गांधी टोपी काढतात, गुडघ्यावर ठेवतात, घडीवरून अंगठा फिरवतात, फुंकर मारतात, डोक्यावर चढवतात आणि अनुत्पादक कर्जाचा आकडा आला की पुन्हा काढतात. गुरुजींचं पेन टिकटिक करतं. महिला सभासदांच्या बाजूला मंगळसूत्राच्या वाट्या खाली-वर सरकतात. शेवटच्या रांगेतल्या पोरांच्या बोटांत बुलेटच्या किल्ल्या गरगरतात. मग कुणीतरी 'मंजूर, मंजूर' म्हणतं आणि सगळे हात एकदम थांबून भेटवस्तूच्या पिशवीकडे वळतात.

हा उद्योग मीच शोधून काढला अशी माझी समजूत होती. पण १८८५ साली फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात सभेतली चुळबुळ कशी मोजावी यावर चक्क टिपण लिहिलेलं आहे. या गृहस्थांनी माणसांच्या वंशाबद्दल जे काही लिहून ठेवलं ते आज वाचवत नाही, पण कंटाळवाण्या भाषणाला बसल्यावर वेळ कसा घालवावा याची त्यांना जाण होती. पन्नासेक माणसं नजरेच्या टप्प्यात येतील अशी जागा त्यांनी पकडली आणि मोजदाद केली. मिनिटाला ४५च्या आसपास हालचाली भरल्या, म्हणजे माणशी मिनिटाला जवळपास एक. वक्ता रंगला की आकडा निम्म्यावर यायचा. हिशेब मध्यमवयीन माणसांचाच धरावा असंही त्यांनी बजावलं, कारण पोरं कधीच गप्प बसत नाहीत आणि म्हातारे तत्त्वज्ञ कधी कधी मिनिटंच्या मिनिटं ताठ बसून राहतात. आमच्या सभेत असे तत्त्वज्ञ पुष्कळ असतात. त्यांना चहाला उठवावं लागतं.

मला आवडलं ते वेगळंच. खिशातून घड्याळ काढलं तर आजूबाजूच्यांच्या लक्षात येईल, म्हणून गाल्टनसाहेब स्वतःच्या श्वासावर वेळ मोजत. मिनिटाला १५ श्वास. आणि श्वास मनात मोजायला लागलं तर चुळबुळीचा आकडा चुकेल, म्हणून दर श्वासाला एकेक बोट दाबत जायचे. म्हणजे सभागृहात सगळ्यात जास्त चुळबुळ करणारा माणूस तोच, आणि नेमकी त्याचीच नोंद वहीत नाही. ऑडिट वर्ग 'ब'.

हे सगळं मी माझ्या भाच्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं मोबाईलमध्ये टिपून घेतलं. भाचा पुण्यात इंजिनिअर झाला, तिथंच एका कंपनीत चिकटला आणि मिटिंगमध्ये सारखा पाय हलवतो म्हणून साहेबाची बोलणी खाल्ली. आता तो आमच्या गावी, विट्याला, परत आलाय, ते एक वस्तू बनवायची म्हणून. अंगावर घालता यावी, हाताला चाळा मिळावा, डोकं ताळ्यावर राहावं आणि कुणाच्याही लक्षात येऊ नये.

"मामा, लोकांना याची गरज आहे," तो म्हणाला.

गरज आहे हे मला मान्य होतं. लक्षात येऊ नये ही अट विट्यात कशी पाळणार, एवढाच प्रश्न होता. इथं एखाद्यानं नवीन चप्पल घेतली तरी संध्याकाळपर्यंत तिचा भाव खानापूर नाक्यापलीकडे पोचतो.

तशी आपली सगळी शिकवण या वस्तूच्या विरुद्ध आहे. शाळेत पहिल्या दिवशी काय शिकलो? हाताची घडी, तोंडावर बोट. लक्ष देणं म्हणजे न हलणं, असा पक्का ठराव. घरी आजी होतीच. बसल्या जागी पाय हलवले की लक्ष्मी जाते, रिकामी कात्री वाजवली की भांडण होतं, नखं खाल्ली की दळिद्र येतं. या तीन कलमांत माणसाचे झाडून सगळे चाळे बंद झाले. आजी स्वतः मात्र हे सांगताना पदराच्या टोकाला पीळ देत असायची, सोडायची, परत द्यायची. त्या पदराचं टोक कायम सुरळी झालेलं होतं.

विज्ञान आजीच्या पदराच्या बाजूचं निघालं. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातल्या जॅकी आंद्राद नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ४० जणांना अडीच मिनिटांचा एक रटाळ फोननिरोप ऐकवला. पार्टीला कोण येणार, कोण नाही, असला. निम्म्या लोकांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलीनं भरायला सांगितलं, बाकीच्यांना नुसतं बसवलं. नंतर विचारलं तर कागद रंगवणाऱ्यांना २९ टक्के जास्त आठवलं. हा अभ्यास २००९चा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात २०१५ साली एडीएचडी असलेल्या मुलांच्या घोट्याला हालचाल मोजणारं यंत्र बांधून चाचणी घेतली, तर ज्या उत्तरांच्या वेळी मुलं जास्त हलत होती ती उत्तरं जास्त बरोबर आली. म्हणजे तोंडावरच्या बोटाला थोडं खाली-वर करू दिलं असतं तर आमच्या वर्गातल्या दोघा-चौघांचं गणित सुटलं असतं. मी त्यांत नव्हतो. माझं गणित न हलण्यामुळे राहिलेलं नाही.

भाच्यानं मग बाजाराचा आढावा घेतला. २०१७ साली तीन पाकळ्यांचा स्पिनर आला होता, आठवत असेल. विट्यातल्या प्रत्येक पोराच्या हातात गरगरत होता. मधे एक बेअरिंग, कडेला वजनं, संपलं. यंत्रमागांच्या गावात बेअरिंगचं काय कौतुक? इथली पोरं पिढ्यान्‌पिढ्या जुन्या बेअरिंगचे गाडे करून उतारावरून सोडत आली आहेत, फक्त त्यानं एकाग्रता वाढते असं सांगायचं कुणाला सुचलं नाही. फ्लोरिडाच्या कॅथरीन हेटिंगर बाईंच्या नावाचाही तेव्हा बोलबाला झाला. त्यांनी १९९७ साली एका फिरत्या खेळण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. पुढे नूतनीकरणाचे ४०० डॉलर भरायला जमले नाहीत म्हणून २००५ मध्ये त्यांनी ते सोडून दिलं. स्पिनरची बांधणी त्यांच्या खेळण्यापेक्षा वेगळीच होती, पण गोष्ट इतकी करुण की लोकांना ती खरी हवी होती. स्पिनरच्या आदल्या वर्षी फिजेट क्यूब नावाचा सहा बाजूंचा ठोकळा आला: एका बाजूला बटणं, एकीला खटका, एकीला चक्र. दोघा भावांनी लोकवर्गणीतून १५ हजार डॉलर मागितले आणि ६४ लाखांच्या वर जमले. हा आकडा सांगताना भाच्याचा पाय हलायला लागला.

स्पिनरचा दोष असा की तो डोळे ओढून घेतो. हाताला चाळा म्हणून घेतलेली वस्तू माणूस बघत बसतो आणि गुरुजी बाजूलाच राहतात. म्हणून भाच्याचा पहिला नियम ठरला: वस्तू बोटांना कळावी, डोळ्यांना कळू नये. दुसरा: आवाज नको. तिसरा: एका हातानं जमावं. चौथा: खाली पडू नये. चारही नियम मला पटले, कारण पेनाच्या टिकटिकीनं गुरुजींची एकाग्रता वाढत असेल तर ती शेजारच्या तिघांची कापून घेतलेली असते.

त्यानं पहिला नमुना केला तो टिचबटणांचा. शर्टाच्या आतल्या शिलाईत चार बटणं, बोटानं उघडायची, मिटायची. बाहेरून काही दिसत नाही. पण लग्नात मंगलाष्टका चालू असताना 'टिच' असा आवाज आला की आजूबाजूची माणसं स्वतःचे कपडे चाचपतात. बाद. दुसरा नमुना करदोड्याचा. काळ्या करदोड्यात लाकडी मणी ओवायचे, सदऱ्याखाली कुणाला दिसणार? वस्तू पूर्ण गुप्त होती. हात मात्र गुप्त नव्हता. चारचौघांत बोलता बोलता सदऱ्याखाली कमरेशी बोटं चाळवणाऱ्या माणसाबद्दल लोक काय काय समजतात हे भाच्याला एसटी स्टँडवर समजलं. वस्तू लपवून भागत नाही, हालचाल सभ्य दिसली पाहिजे. हा पाचवा नियम. माझ्या मते पहिले चार नसले तरी चाललं असतं.

तेवढ्यासाठी मी त्याला गावातून फिरवलं. म्हटलं, पुण्या-मुंबईच्या मिटिंगा राहू देत, आधी इथले हात बघ.

आम्ही आधी एका मागाच्या शेडमध्ये गेलो. आत शिरलं की बोलणं संपतं, धोट्याचा खडखडाट तेवढा उरतो. कामगार एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवून होता. कांडी संपली की बदलायची, तार तुटली की गाठ मारायची. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवरून असं काही जायचं की गाठ कधी बसली ते दिसायचं नाही. भाच्यानं त्याला ओरडून विचारलं, तुम्हाला काही चाळा लागतो का? तो ओरडला, "इथं मरायला येळ न्हाई!" बरोबरच होतं. चाळा हा खुर्चीवरच्या माणसाचा रोग आहे. पण पाळी संपल्यावर तोच माणूस चहाच्या गाड्यावर भेटला. डाव्या हातात कप, आणि उजव्या हाताची दोन बोटं हवेत गाठी मारत होती. दाखवलं तर स्वतःच चमकला. "आपुआप हुतंय," म्हणाला आणि हात खिशात घातला. खिसाही हलत होता.

चहाच्या गाड्यावर आणखी एक गोष्ट कळली. पूर्वी एसटीचं तिकीट, बिडीचा कागद, बिलाची चिठ्ठी, जे हाताला लागेल त्याचे बारीक तुकडे करणारी एक मोठी जमात गावात होती. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात लाखाच्या आतल्या लोकवस्तीच्या शहरांमध्ये विटा देशात पहिलं आलं आणि या जमातीची पंचाईत झाली. आता तुकडे करता येतात, टाकता येत नाहीत. एक तात्या तुकडे वरच्या खिशात साठवतात. घरी धुण्याच्या वेळी काय होतं ते विचारायची आमची हिंमत झाली नाही.

तंबाखूचा उल्लेख टाळता येणार नाही. चाळ्याचं साधन म्हणून तंबाखूची मांडणी कुणा डिझायनरला जमणार नाही अशी आहे: चंची सोडणे, चिमूट घेणे, देठ निवडणे, बोटाच्या टोकावर चुना, तळहातावर अंगठ्यानं मळणे, दोन टाळ्या, धूळ उडाली की शेजाऱ्याची शिंक, आणि शेवटी शेजाऱ्यालाच चिमूट देणे. दोन मिनिटं कुणाला उत्तर द्यायची गरज नाही. साधन उत्कृष्ट, पण पुढचं सगळं बिल डॉक्टरकडे भरावं लागतं. मळून टाकून देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. भेटला तर भाच्याचा धंदा बसेल.

देवळाजवळ मात्र भाचा थबकला. एक आजोबा गोमुखीत हात घालून बसले होते. गोमुखी म्हणजे जपमाळ झाकायची कापडी पिशवी. आत १०८ मणी आणि मेरुमणी, बाहेरून नुसता एक भगवा कोपर. आजोबांचे डोळे अर्धे मिटलेले, बोटं चालू, आवाज शून्य, वस्तू पडायचा प्रश्न नाही. भाच्याचे पाचही नियम एका पिशवीत. आणि आत हात काय करतोय असं विचारायची कुणाची छाती होणार नाही. शेजारी आजींच्या बोटात जप मोजायचं नव्या जमान्याचं यंत्र होतं. प्लॅस्टिकची अंगठीच ती, वर बटण, दाबलं की आकडा एकानं पुढे. आजी शेजारणीला सुनेच्या माहेराबद्दल सांगत होत्या आणि दर वाक्यामागं बटण दाबत होत्या. अर्ध्या तासात देवाच्या खात्यावर बरीच रक्कम जमा झाली.

ग्रीसमधले म्हातारे कॉफीच्या दुकानात बसून कोंबोलोई नावाची मण्यांची माळ बोटांतून सोडतात, पटकवतात, परत सोडतात. तिच्यात देवाचं नाव घ्यायची सक्ती नाही. त्यांना नुसता चाळा चालतो. आपल्याला चालत नाही. इथं हाताच्या प्रत्येक हालचालीला एखादं पद द्यावं लागतं. माळ भक्तीची, मंगळसूत्र सौभाग्याचं, टोपी मानाची, मिशी घराण्याची, किल्ली बुलेटची. त्यांच्याशी दिवसभर खेळलात तरी कुणी काही म्हणत नाही. निव्वळ खेळायची म्हणून वस्तू खिशातून काढलीत की घरातलं सगळ्यात लहान पोर येऊन ती मागतं आणि सगळ्यात मोठं माणूस विचारतं, 'काम न्हाई वाटतं?'

हे मी भाच्याला सांगितलं आणि तो म्हणाला, "म्हणजे अंगठी." पोरगा हुशार आहे.

फिरती अंगठी ही काही नवलाची वस्तू नाही. एक रुंद पट्टी, तिच्यावर एक अरुंद कडी सैल बसवायची आणि मग रुंद पट्टीच्या दोन्ही कडा ठोकून बाहेर वळवायच्या, म्हणजे कडी निसटत नाही, जागच्या जागी फिरत राहते. अंगठ्यानं ढकलायची. बघणाऱ्याला वाटतं माणूस विचारात आहे. सगळा खेळ दोन पट्ट्यांमधल्या फटीत: जास्त झाली तर खुळखुळा, कमी झाली तर नुसतीच महागडी अंगठी.

आणि अंगठीसाठी विट्याहून चांगलं गाव कुठं शोधायचं? विटा-खानापूर-आटपाडीचा हा दुष्काळी पट्टा. इथल्या माणसांनी सोन्या-चांदीच्या गलाईची कला हातात घेतली आणि तामिळनाडूपासून बंगालपर्यंत दुकानं थाटली. मोडीचं सोनं घ्यायचं, मुशीत वितळवायचं, तेजाबानं शुद्ध करायचं, टंच काढायचा, म्हणजे शुद्धता ठरवायची. पर्जन्यमान कमी असल्याचा हा एवढा फायदा महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी करून घेतलेला मला ठाऊक नाही. यात्रेला, दिवाळीला ही मंडळी गावी येतात तेव्हा त्यांच्या बोटांकडे बघावं. गल्ल्यावर बसून बसून प्रत्येकाची अंगठी फिरवायची एक तऱ्हा झालेली असते. भाव पडला की एका बाजूला, चढला की दुसऱ्या.

आमच्या गल्लीतले एक आबा अशीच उभी हयात दक्षिणेत भट्टीपुढं घालवून परत आलेत. अजूनही नळाच्या पाण्याला आधी 'तण्णी' म्हणतात आणि मग पाणी. भाच्यानं त्यांना कल्पना सांगितली. आबांनी नमुन्याची चांदीची अंगठी तळहातावर घेऊन जोखली, नखानं फिरवली, कानाशी नेली.

"फिरतीय," ते म्हणाले.

"हो आबा. त्यासाठीच आहे."

"घट किती येती?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मला मात्र या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं. व्हिएन्नाच्या गेऑर्ग स्टाइनहाउझर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं स्वतःची लग्नातली सोन्याची अंगठी वर्षभर दर आठवड्याला वजन करून बघितली आणि २००८ साली ते छापलं. साडेपाच ग्रॅमच्या अंगठीतून वर्षात ६.१५ मिलिग्रॅम सोनं झिजून गेलं. आठवड्याला साधारण ०.१२ मिलिग्रॅम. लग्नानंतर नवरा लग्नाच्या अंगठीला काटा लावून बसतो, हे बायकोनं कसं घेतलं याची नोंद त्या निबंधात नसावी.

आबांनी मनात गुणाकार केला. "एवढ्या माणसांचं एवढं सोनं खाली पडतंय. तितं झाडून घ्याय कुणी हाय का न्हाई?" सोनाराच्या दुकानातली धूळ विकत घेऊन तिच्यातलं सोनं काढणाऱ्यांच्या मुलखातला हा प्रश्न होता. व्हिएन्नात विट्याचं दुकान नाही याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. मग भाच्याला म्हणाले, "बाळा, ही अंगठी दिवसभर फिरणार, आत झिजणार, भाईर झिजणार. दोन्हीकडनं तोटा. पर सोन्यात कर. वजनाला बरं लागतंय बोटाला."

यात तथ्य होतं. त्याच आकाराच्या चांदीपेक्षा सोनं जवळपास पावणेदोनपट जड. फिरतं कडं जड असलं की एकदा ढकललं तरी फिरत राहतं, हाताला मऊ लागतं. पण सोन्यात गेलं की हॉलमार्क आला, सहा अक्षर-अंकी क्रमांक आला, आणि तो आतल्या पट्टीवर मारायचा की फिरत्या कड्यावर, यावर आबांचं आणि भाच्याचं अर्धा तास चाललं. शेवटी चांदीवर तडजोड झाली. ०.१२ मिलिग्रॅमची भीती भाच्याच्या भांडवलाला परवडणारी नव्हती, निदान पहिल्या खेपेला.

चाचणी बायकांकडून करून घ्यावी असं मी सुचवलं. पुरुष कुठलीही वस्तू चार दिवस कौतुकानं वापरतात आणि चांगली आहे म्हणतात. माझ्या मावशीनं अंगठी घातली, फिरवली, आणि गळ्यातलं मंगळसूत्र दाखवलं. "ह्यात नवीन काय हाय? माझ्याकडं लग्नापास्नं हाय की. तुझ्या काकांचं बोलणं ऐकताना लागतंच." वाट्या किती वेळा सरकल्या म्हणजे काकांचं एक भाषण, याचा तिच्याकडे अंदाज होता. तरी चाचणी तिनं प्रामाणिकपणे केली. दुसऱ्या दिवशी अंगठी फिरेना. भाकरी थापताना जोंधळ्याचं पीठ फटीत जाऊन बसलं होतं आणि भांडी घासताना त्याचा लगदा होऊन सुकला होता. भाच्यानं ती सुईनं साफ केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुण्यातल्या कुठल्याही डिझाईनच्या पुस्तकात पिठाचं प्रकरण नव्हतं.

मावशीनं उपायही सुचवला, जोडव्यांचा. "टेबलाखाली पायाची बोटं काय करत्यात कोण बघतंय?" भाचा क्षणभर उजळला. खरंच, याहून गुप्त जागा नाही. मग त्याच्या लक्षात आलं की ज्या साहेबानं त्याला पाय हलवू नको म्हणून सांगितलं होतं तो जोडवी घातलेला इंजिनिअर बघून काय म्हणेल, आणि तो परत फटीकडे वळला.

फट त्यानं अखेर सोडवली. कडेला किंचित गोलाई दिली, आत पीठ शिरलं तरी फिरवलं की बाहेर पडायला लागलं. वस्तू देखणी झाली. आवाज नाही, चमक नाही, अंगठ्याखाली हळू सरकते. मी ती घालून पतसंस्थेच्या सभेला गेलो. अहवालातलं पहिल्यांदाच थोडं ऐकू आलं, आणि वसुली समाधानकारक का आहे असा प्रश्न मी उठून विचारला. त्यामुळे पुढच्या सभेचं निमंत्रण मला वेळेवर मिळेल असं वाटत नाही. एकाग्रतेचे दुष्परिणाम कुणी अभ्यासलेले दिसत नाहीत.

विकायला ठेवल्यावर मात्र लोक नाव विचारायला लागले. मन शांत राहण्याची अंगठी, असं भाचा सांगायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "कुठल्या राशीला?" सगळ्या राशींना चालते म्हटलं की त्यांचा विश्वास उडायचा. सगळ्यांना चालणारी गोष्ट फुकट असते. एकानं शनीसाठी आहे का विचारलं, कारण शनीही फिरतो आणि त्यालाही कडं आहे. हे निरीक्षण शास्त्रीय असल्यामुळे भाच्याला नाही म्हणता आलं नाही, आणि त्या आठवड्यात थोड्या अंगठ्या खपल्या. दसरा जवळ आला होता. विट्यात दसऱ्याला पालख्यांची शर्यत असते. त्या दिवशी गावात एकही हात रिकामा नसतो, त्यामुळे विक्री झाली नाही.

मोठी ऑर्डर आली ती आबांच्या ओळखीनं. दक्षिणेत गलाईचं दुकान असलेले त्यांचे एक भाऊबंद सणाला आले होते. अंगठी त्यांनी बघितली, बोटात घातली, आबांसारखीच नखानं फिरवली, आणि डझनभर लागतील म्हणाले. दुकानातल्या माणसांना, दोघा जावयांना, एक बाजूच्या शेटजींना. भाचा वही काढून बसला. मापं सांगून झाली. मग ते म्हणाले, "फकस्त एक करा पावणं. ही मधली पट्टी फिरतीय, तेवढी झाळून द्या."

"झाळून?"

"मग? गिऱ्हाईक म्हणंल ह्याच्या हातातलीच अंगठी सैल झालीय, ह्यो आमचा टंच काय बरोबर काढणार? बाकी डिझाईन झकास हाय. झाळा आणि पाठवा."

ते गेल्यावर भाचा बराच वेळ वहीकडे बघत बसला. अंगठा अंगठीवर चालू होता.

"मामा," तो म्हणाला, "झाळायची मजुरी वेगळी लावू का?"